एका ओळीत दोन नावं

आधी टेबलावर पंजा आपटायचा आणि मग तोंड उघडायचं, ही त्यांची रीत होती. पहिल्याच भेटीत त्या पंजाखाली माझ्या टेबलाची काच तडकली. काचेखाली मी गिऱ्हाइकांची कार्डं लावून ठेवली होती. त्या सगळ्या होमस्टेवाल्यांच्या आणि क्लासवाल्यांच्या नावांवरून एक तडा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेला.

“बाय, ह्यात वरचा कोन ठरवतो, तां आधी सांग.”

मी वेबसाइटी बनवते. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला एका जिन्याखाली माझा गाळा आहे. लोक येतात, खुर्चीत बसतात आणि विचारतात की कधी मिळेल. मग विचारतात की उद्या मिळेल का. वरचा कोण ठरवतो, हे विचारणारा माणूस इतक्या वर्षांत हा एकच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. तो आत आला की आपण नकळत चहाचे कप हातभर लांब सरकवतो.

साठी उलटलेली, पण मान बैलाची. उजव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडी जुळलेली. ती कशी मोडली हे मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “एकाच्या दातावर.” आणि जरा थांबून, “दात पन गेले त्याचे,” असं समाधानाने सांगितलं.

मीही काही गरीब गाय नाही. काच तडकल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, “काका, हात उचलायचा असेल तर रस्त्यावर जाऊन उचला. इथे आवाज माझा चालतो.” गाळ्यात आणखी एक गिऱ्हाईक बसलं होतं, गणपतीपुळ्याचा एक रिसॉर्टवाला. त्याला वाटलं असावं, आता या बाईचं काही खरं नाही. पण काका माझ्याकडे बघत राहिले, मग पंजा उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “बरां.” त्यानंतर ते मला कायम “बाय” म्हणायचे आणि मी त्यांना काका.

रिसॉर्टवाल्याला मात्र तेवढं शहाणपण नव्हतं. काका गावच्या देवळाची वेबसाइट करायला आलेत हे ऐकून तो हसला. “देवाला कशाला हो वेबसाइट? देव काय ऑनलाइन येणार आहे?” वाक्य पुरं होईपर्यंत काकांनी त्याची कॉलर धरून त्याला खुर्चीतून उचललं होतं. त्याचे पाय जमिनीला टेकत होते की नव्हते, मी खात्रीने सांगू शकत नाही. मी ओरडले तसं त्यांनी त्याला परत खुर्चीत ठेवलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि मला म्हणाले, “चुकलां. रस्त्यावर न्यायला पायजे होता.”

आता त्या वेबसाइटचं कारण सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

त्यांचं गाव लांज्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत. गावात दोन मानाची घराणी, एक देऊळवाडीत आणि एक पिंपळवाडीत. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळाबाहेर निघते तेव्हा तिला पुढे दोन खांदे लागतात. डावा खांदा देऊळवाडीचा, उजवा पिंपळवाडीचा. डाव्या-उजव्याचं भांडण कधीच नव्हतं. भांडण होतं ते आधी कोण, याचं. आधी खांदा कोणाचा लागणार, गाऱ्हाण्यात आधी नाव कोणाचं घेणार, नारळ आधी कोणाच्या हातात येणार. तुम्हाला हे पोरकट वाटत असेल तर शिमग्याला आमच्याकडे या आणि चव्हाट्यावर उभं राहून हेच मोठ्याने बोलून दाखवा.

काका देऊळवाडीचे मानकरी. पिंपळवाडीचा मानकरी रघुनाथ. दोघं एका वर्गात शिकलेले, एकाच वर्षी नापास झालेले, आणि एक ढोल दोघांत वाजवलेला. एका बाजूने हा, दुसऱ्या बाजूने तो. मग दोघांचे वडील गेले, मान यांच्या खांद्यावर आला, आणि एका शिमग्याला पालखी उचलताना रघुनाथचा खांदा क्षणभर आधी लागला. किंवा लागला नाही. काकांना लागलासा वाटला. हातात ढोलाची टिपरी होती. ती त्यांनी फिरवली.

रघुनाथचा उजवा डोळा गेला.

हे काकांनी मला सांगितलं तेव्हा पंजा आपटला नाही. मान खाली घालून टेबलावरच्या तड्यावरून बोट फिरवत होते. “डोळा हातात आला त्याच्या,” म्हणाले. “मी बघितला. तो ओरडला नाय. माझ्याकडे बघत होता, एका डोळ्यान्.” त्यासाठी त्यांनी शिक्षा भोगली, परत आले, आणि परत आल्यावर आणखी हिंसक झाले. चिडलेला माणूस निदान कोणावर चिडलाय हे सांगू शकतो. यांना ते सांगता येत नव्हतं, म्हणून ते समोर येईल त्याला मारायचे. बाजारात मारलं, एसटीत मारलं, स्वतःच्या पुतण्याला अंगणात बांधून मारलं. आणि तीस वर्षं रघुनाथशी एक शब्द बोलले नाहीत.

पालखीचं म्हणाल तर ती तेव्हापासून बाहेर निघालेली नव्हती. शिमग्याला पोलीस येत, पालखी देवळातल्या देवळात एक फेरी मारी आणि परत कुलूप. गावातल्या बायका अंगण सारवून, रांगोळी काढून वाट बघत बसायच्या सवयीने. पालखी कोणाच्या अंगणात आली नाही.

गेल्या वर्षी मुंबईच्या चाकरमान्यांनी मनावर घेतलं आणि समेट ठरला. दोन्ही खांदे एकदम लावायचे. तोंडाने “उचल” म्हणायचं ते पुजाऱ्याने. आणि हे चारचौघांत लिहून ठेवायचं. आधी हँडबिल छापायचं ठरलं. पण कागदावर कोणाचं तरी नाव वर येतं. प्रेसवाल्याने अक्कल लढवून निम्म्या कागदांवर हे नाव वर, निम्म्यांवर ते नाव वर असं छापलं आणि गठ्ठे एकमेकांत मिसळले. देऊळवाडीत पिंपळवाडीची हँडबिलं पोचली. त्या दिवशी चार डोकी फुटली, आणि त्यातली दोन एकट्या काकांनी फोडली.

तेव्हा कोणी चाकरमानी म्हणाला की वेबसाइट करा, तिथे शेजारी शेजारी टाकता येतं. आणि ज्यांनी दोन डोकी फोडली त्यांनीच ते काम अंगावर घेतलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, “पालखी निघाली पायजे बाय. मी मरायच्या आत. रघ्याच्या खांद्याला खांदा लावून. मग माझां काय ते होवो.”

त्यांना एवढंच हवं होतं. मी त्यांना जितकं ओळखलं त्यावरून सांगते, त्या माणसाला आयुष्यात दुसरं काहीही नको होतं.

तर, दोन प्लॅटफॉर्म मी त्यांना दाखवले.

पहिला भाड्याचा. दरमहा कंपनीला द्यायचे, सगळं तयार मिळतं. फोटो ओढून टाका, नाव लिहा, झालं. मांडणीचे साचे ठरलेले असतात, त्यातला एक घ्यायचा. दुरुस्ती, सुरक्षा, सगळं कंपनी बघते. दुसरा आपला आपण मांडायचा. सॉफ्टवेअर फुकट, पण जागा आपल्या नावावर घ्यायची, त्यात ते बसवायचं, भिंत कुठे, दार कुठे हे आपण ठरवायचं. आणि मग जन्मभर त्याची निगा राखायची. राखली नाही तर चोर शिरतात.

मला वाटलं होतं, यांना काय कळणार. तुम्हीही तसंच समजला असतात. पण जागाजमिनीच्या भांडणात आयुष्य गेलेल्या माणसाला फारसं समजवावं लागत नाही.

“पयल्यात सातबारा कोनाच्या नावावर?”

“कंपनीच्या. आपण भाडेकरू.”

“म्हंजे भाड्याच्या खोलीत देव बसवायचा?”

“तसं म्हणा.”

“आनि उद्या कंपनीनं दुकान बंद केलां तर?”

“आपलं सामान काढून घेता येतं. बहुतेक.”

“बहुतेक?” पंजा वर गेला, माझ्याकडे बघितलं, आणि परत मांडीवर आला. “दुसरां घे. आपल्या जागेत बांध.”

त्यांचं बरोबर होतं. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की शिमगा महिन्यावर आलाय, आपल्या जागेत बांधायला दीड महिना लागेल, वेळ नाही. ते खरंच होतं. पण आणखी एक खरं होतं ते मी सांगितलं नाही. दुसरा प्लॅटफॉर्म घेतला असता तर त्याची निगा मला ठेवावी लागली असती, आणि दर रविवारी हा पंजा माझ्या टेबलावर पडला असता. मला ते नको होतं. भाड्याचं बनवून द्यावं, पासवर्ड हातात द्यावा आणि मोकळं व्हावं असं मला वाटत होतं.

मग तोच प्रश्न आला, पण या वेळी हळू आवाजात.

“ह्यात वरचा कोन ठरवतो?”

मी म्हटलं, “आपणच, काका. दोन चौकोन शेजारी शेजारी. वर कोणी नाही, खाली कोणी नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“तू शिकलेली. तुझां ऐकतो.” उठता उठता म्हणाले, “कोनाचां ऐकायची सवय नाय मला. बघ हां.”

पुढचे तीन आठवडे ते दर दोन दिवसांनी यायचे. देवीचा फोटो आणला तो वर्तमानपत्रात गुंडाळून, अंगावर धरून, जणू कोणी हिसकावून घेणार होतं. रघुनाथचा फोटो कुठून आणला देव जाणे. तरुणपणचा होता, दोन्ही डोळे असलेला. मी म्हटलं, आत्ताचा हवा. तर माझ्यावर असे डाफरले की शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. “ह्योच टाक! ह्योच दिसला पायजे!” मी माऊस भिंतीवर फेकून मारला आणि सांगितलं की मग स्वतःच करा. माऊसचे दोन तुकडे झाले. काकांनी ते वाकून गोळा केले, टेबलावर ठेवले आणि खूप हसले. “तू आमच्या गावात चालशील,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवा माऊस घेऊन आले, सोबत एक अननसही. मानकऱ्यांपैकी फोटो शेवटी कोणाचाच टाकला नाही. दोन चौकोन, दोन नावं, दोन वाड्या.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते.

सभेच्या दोन दिवस आधी, दुपारी, जेवण झाल्यावर मी ती वेबसाइट माझ्या मोबाइलवर उघडली. मोबाइलचा पडदा अरुंद. शेजारशेजारचे दोन चौकोन त्यात मावत नाहीत. मग साचा आपला आपण डावीकडचा चौकोन वर ठेवतो आणि उजवीकडचा त्याच्या खाली सरकवतो. देऊळवाडी वर, पिंपळवाडी खाली. मी ते पाहिलं. अंगठ्याने खाली सरकवलं, खालचे देवळाचे फोटो नीट आलेत ना ते बघितलं, आणि फोन ठेवून दिला. मोबाइलवर सगळ्यांच्याच वेबसाइटी अशा दिसतात. हॉटेलवाल्याचा डबल रूम खाली गेला म्हणून कोणी डोकं फोडत नाही. भाड्याच्या त्या साच्यात हे बदलायची सोयही नव्हती, हे मला नंतर कळलं. पण मी सोय आहे का ते शोधलंसुद्धा नाही. तीन आठवडे तो माणूस मला एकच प्रश्न विचारत होता आणि उत्तर माझ्या हातात होतं, तरी मला दिसलं नाही.

सभा रविवारी सकाळी होती, देवळाच्या सभामंडपात. कोणाच्या तरी घरचा मोठा टीव्ही आणून खांबाला टेकवला होता. मी लॅपटॉप जोडला. काका पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते, इस्त्रीच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसले. डावीकडे देऊळवाडी, उजवीकडे पिंपळवाडी, मधे माणूस झोपेल एवढी जागा मोकळी. रघुनाथ सगळ्यात शेवटी आला. काळा चष्मा, किरकोळ अंग.

मी पान उघडलं. टीव्हीवर दोन चौकोन आले, शेजारी शेजारी, एका उंचीचे, एका रंगाचे.

काका कधी पडद्याकडे बघत होते, कधी रघुनाथकडे. त्यांचा पंजा जमिनीवर पालथा पडला होता. मी इतक्या दिवसांत तो हात आपटलेला पाहिला होता, असा पडलेला पाहिला नव्हता.

रघुनाथ म्हणाला, “बरोबर हाय.”

काका म्हणाले, “बरोबर ना?”

“हां. बरोबर.”

तीस वर्षांनी दोघांत झालेलं बोलणं ते एवढंच. बायकांमधून कोणीतरी पदर डोळ्याला लावला. पुजारी नारळ हातात घेऊन उठला.

मग कोणीतरी गावच्या ग्रुपवर लिंक टाकली.

सगळीकडे फोन वाजले. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पिंपळवाडीच्या बाजूने एक गडी उभा राहिला. “ह्यां काय? टीव्हीवर शेजारी, आनि मोबाइलवर आमी खाली?” दुसरा उठला, तिसरा उठला. “माझ्या पन खाली!” “समद्यांच्या खाली!” “म्हातारी मानसां बघतील तां एक, आनि दुनिया बघेल तां एक!” “फसवलांन् ह्यान्!” बोट काकांकडे होतं. आणि फसवणार दुसरं कोण? त्या गावात ज्याने आजवर सगळ्यांना मारलं होतं, तोच ही वेबसाइट करून घेऊन आला होता.

रघुनाथने चष्मा काढला, कोणाचा तरी फोन हातात घेतला आणि डोळ्याजवळ नेऊन बघितलं. मग काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे.

ती नजर मारायच्या आधीची नव्हती, मारायच्या आधीची मी ओळखत होते. तुझां ऐकलां, एवढंच त्यात होतं.

“अहो, मोबाइलवर तसंच दिसतं! साचाच तसा आहे!” मी ओरडले. माझा आवाज माझ्या गाळ्यात चालतो. तिथे तो कोणाच्या कानापर्यंत पोचला नाही.

पहिली खुर्ची टीव्हीवर बसली. काच फुटली आणि त्याबरोबर मधली मोकळी जागा नाहीशी झाली. नारळ फेकून मारले की कवटीवर कसा आवाज येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. कोणी घंटेची साखळी तोडून फिरवत होतं. एक बाई पोराला पोटाशी धरून भिंतीला चिकटली होती, तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर समई येऊन आपटली आणि तेल तिच्या केसांवर सांडलं. कोणाचा तरी दात माझ्या लॅपटॉपवर येऊन पडला. मी खांबामागे उभी होते आणि मला फक्त काका दिसत होते, कारण तेवढ्या माणसांत त्यांचेच हात खाली होते.

लोक त्यांना मारत होते. पाठीत, मानेवर, तोंडावर. ते मार खात खात पुढे सरकत होते, पाण्यातून चालावं तसे. मला वाटलं, आता रघुनाथपर्यंत पोचतील आणि उरलेलं काम पुरं करतील. तिथल्या सगळ्यांना तेच वाटलं असेल.

त्याच वेळी त्यांचाच पुतण्या, जो कधीकाळी अंगणात बांधून मार खाऊन वाढला होता, पलीकडून आला. काकांना मारतात हे बघून त्याचं डोकं फिरलं होतं. हातात पालखीच्या दांड्याचा जुना तुकडा होता. तो त्याने दोन्ही हातांनी रघुनाथच्या डोक्यावर उचलला.

काकांनी रघुनाथला कवेत घेतला. त्याचं डोकं छातीशी दाबलं, आणि त्यांचा उजवा पंजा रघुनाथच्या शाबूत डोळ्यावर घट्ट बसला. दांडा त्यांच्या डोक्यावर पडला, मागच्या बाजूला. ते खाली पडले तेव्हाही हात सोडला नव्हता. दोघं एकत्र पडले. मारामारी हळूहळू थांबली, कारण रघुनाथ ओरडत होता. डोळा गेला तेव्हा न ओरडलेला माणूस आता देवळाचं छप्पर उडेल असा ओरडत होता.

हॉस्पिटलात काका नऊ दिवस होते. पोलीस आले, कोणी मारलं विचारलं. म्हणाले, “पाय घसरला. दांड्यावर पडलो.” पुतण्या दाराबाहेर उकिडवा बसून होता. रघुनाथ आत, खाटेशेजारी. दोघं काय बोलले मला ठाऊक नाही. मी गेले तेव्हा रघुनाथ त्यांची वाकडी बोटं एकेक करून चोळत होता.

मी म्हटलं, “काका, मी पाहिलं होतं. आधी. मोबाइलवर. मला कळलं नाही.”

त्यांनी डोळे उघडले. पंजा चादरीवरून चार बोटं वर उठला. आपटायला ताकद नव्हती, तो तसाच परत पडला.

“फोडली असती तुला,” म्हणाले. मग श्वास घेऊन, “आता आपल्या जागेत बांध.”

“बांधते.”

“वरचा कोन ठरवतो?”

“मी ठरवते, काका. या वेळी खरंच मी.”

त्यांनी हुंकार दिला. ते खूश झाले की रागावले, मला सांगता येत नाही. चार दिवसांनी ते गेले.

मी आपल्या जागेत बांधलं. दीड महिना लागेल असं मी म्हणाले होते, अडीच लागले. जागा देवस्थानच्या नावावर, किल्ली दोन्ही वाड्यांकडे, निगा माझ्याकडे. त्या पानासाठी साचा वापरलाच नाही. कोडमध्ये अशी सूचना लिहिली की पडदा कितीही अरुंद असो, दोन नावं कधी एकाखाली एक जाणार नाहीत. जागा कमी पडली की अक्षरं लहान होतात, आणखी कमी पडली की आणखी लहान. मी गावातले जुन्यातले जुने फोन मागवून त्यांवर बघितलं. मुंगीएवढी झाली नावं, पण ओळ मोडली नाही.

यंदा पालखी निघाली. उजवीकडे रघुनाथ, डावीकडे तो पुतण्या. पुजाऱ्याने “उचल” म्हटलं, दोन खांदे लागले. कोणाचा आधी लागला हे बघायला अर्धा गाव वाकला होता आणि कोणाला काही दिसलं नाही. मी एका अंगणात रांगोळीशेजारी उभी होते. पालखी तिथे टेकवली तेव्हा त्या घरची म्हातारी पाया पडायचं विसरून नुसती बघत राहिली.

शिमगा झाल्यावर एका सकाळी रघुनाथ माझ्या गाळ्यात आला. काळा चष्मा, किरकोळ अंग. काच मी अजून बदललेली नाही, तडा आहे तसाच आहे. तो खुर्चीत बसला आणि मला वाटलं, नाव बदलायला आला असेल. डावीकडे अजून काकांचंच नाव होतं. नियमाने आता पुतण्याचं यायला हवं होतं, आणि पुतण्याने मला तसा फोनही केला होता.

“नाव बदलायचं ना?” मी विचारलं.

“नाय,” तो म्हणाला. “त्या पोराला मी सांगितलांय. मी हाय तवर माझ्या बाजूला त्याचा काकाच.”

मी मान हलवली. तो जरा घुटमळला. मग खिशातून फोन काढला, लहान पडद्याचा, कडा फुटलेला.

“एक काम होतां. अक्षर जरा मोठां करशील? मला दिसत नाय. एकच डोळा, तो पन आता अधू झालाय.”

मी फोन हातात घेतला. म्हटलं, “करता येईल, रघुनाथकाका. पण या पडद्यावर मोठं केलं तर दोन नावं एका ओळीत मावणार नाहीत. एक खाली जाईल.”

“कोनाचां?”

“तुमचं. किंवा त्यांचं. तुम्ही सांगाल त्याचं.”

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा फोनकडे बघितलं.

“मग नको,” म्हणाला. “ऱ्हाऊ दे.”

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला, फोन पापणीला लागेल इतका डोळ्याजवळ धरला, आणि माझ्यासमोर बसून ती ओळ वाचू लागला.